मुंबईमार्गे जावे का? विमान बदलण्याच्या सोयीचे परीक्षण

नागपूर किंवा गोव्याहून लंडनला निघालेल्या प्रवाशासाठी मुंबई ही नकाशावर फारशी आडवाट नाही. तरीही तो तिकीट काढायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर बहुधा दोहा येते. कतार एअरवेजचे विमान नागपूरहून थेट दोह्याला जाते, गोव्यात ते मोपाच्या विमानतळावरून सुटते, आणि त्यामुळे विदर्भातला प्रवासी आपल्याच राज्याच्या राजधानीचे तोंडही न पाहता युरोप किंवा अमेरिका गाठू शकतो. हा प्रवासी मुंबईकडे का वळत नाही, हे समजून घेण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे केवळ विमान बदलण्याचे ठिकाण म्हणून पाहावे लागते, आणि प्रस्तुत परीक्षण तेवढ्याच मर्यादेत केले आहे. ज्याचा प्रवास मुंबईतच सुरू होतो किंवा संपतो, त्याला हा विमानतळ कसा वाटतो हा वेगळा विषय आहे. त्याला तो बहुधा चांगलाच वाटेल.

इमारतीविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. सहारचे टर्मिनल २ फेब्रुवारी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी खुले झाले. वर्षाला चार कोटी प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे एकाच छताखाली आणण्याच्या हेतूनेच त्याची रचना झाली, आणि मोराच्या पिसाऱ्याची आठवण करून देणाऱ्या खांबांखालून किंवा ‘जय हे’ या कलादालनाच्या लांबच लांब भिंतीजवळून जाताना विमानतळावरचा ताण काही काळ तरी विसरायला होतो. विमान बदलणाऱ्या प्रवाशाला मात्र मोकळ्या वेळेपेक्षा वाचलेला वेळ अधिक मोलाचा असतो, आणि ही इमारत त्याचा वेळ किती वाचवते हे तो कोणत्या दिशेने चालला आहे यावर अवलंबून आहे.

देशातून परदेशात जाणाऱ्याची सोय त्यातल्या त्यात बरी आहे. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील आणि दोन्ही टर्मिनल २ मधूनच असतील, तर मूळ गावी सोपवलेले सामान अनेकदा थेट अंतिम मुक्कामी जाते. प्रवाशाला इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी एवढेच करावे लागते. नियमित प्रवास करणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी जानेवारी २०२५ पासून मुंबईतही ‘विश्वासार्ह प्रवासी’ योजनेखाली इमिग्रेशनचे स्वयंचलित दरवाजे उपलब्ध झाले असून, आधी नोंदणी केली असेल तर पहाटेच्या गर्दीत त्यांचा उपयोग नक्कीच होतो. अडचण येते ती देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ वर उतरणार असेल तेव्हा. इंडिगोसारखी कंपनी दोन्ही टर्मिनलांवरून उड्डाणे करते, आणि तिकिटावरचा तो एक अंक न पाहणाऱ्याला सामान घेऊन रस्त्याने काही किलोमीटरचा वळसा घालावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो ३ सुरू झाल्यामुळे दोन्ही टर्मिनलांना आपापले स्थानक मिळाले आहे आणि मध्ये केवळ सहार रोड हे एक स्थानक लागते, ही अलीकडच्या काळातील सर्वांत उपयुक्त सुधारणा म्हणावी लागेल. तरी दोन मोठ्या बॅगा आणि एक वृद्ध सोबती यांच्यासह मेट्रोच्या तपासणीतून जाणे हा काही विमानतळाच्या सेवेचा भाग नव्हे.

परदेशातून येऊन देशात पुढे जाणाऱ्याची दिशा सर्वांत कष्टाची आहे. भारतातील सर्वसाधारण नियम असा की, प्रवासी ज्या विमानतळावर देशात प्रथम पाऊल ठेवतो तेथेच त्याने इमिग्रेशन पूर्ण करावे, पट्ट्यावरून आपले सामान उचलावे, ते कस्टम्समधून न्यावे आणि पुढील विमानासाठी पुन्हा सोपवावे. बॅगेवर नागपूरची चिठ्ठी लावलेली असली तरी यातून सुटका नाही. जोडतिकीट असणाऱ्यांसाठी कस्टम्सच्या पलीकडे सामान सोपवण्याची सोय काही कंपन्या देतात. स्वतंत्र तिकिटे असतील तर मात्र प्रवाशाला चौथ्या मजल्यावरच्या प्रस्थान कक्षात जाऊन नव्या प्रवाशासारखी सुरुवात करावी लागते, म्हणजे दारावर ओळखपत्र आणि तिकीट, मग चेक-इन, मग सुरक्षा तपासणी. रात्रभराच्या प्रवासानंतर पहाटे उतरलेल्या कुटुंबांची या टप्प्यावर जी दमछाक होते, ती पाहिली की दोह्याच्या तिकिटाचा मोह का पडतो हे वेगळे सांगावे लागत नाही. मनमाडला गाडी बदलणारा माणूस पूल ओलांडून दुसऱ्या फलाटावर जातो आणि त्याच्या ट्रंकेचे कुलूप कोणी उघडायला लावत नाही. विमान बदलण्याच्या उत्तम व्यवस्थेकडून प्रवाशाची अपेक्षा साधारण तेवढीच असते.

या नियमामागे कारण नाही असे नव्हे. सामान आणि त्याचा मालक एकत्र असतानाच तपासणी करणे सीमाशुल्क विभागाला सोयीचे असते, सोन्याच्या तस्करीचा इतिहास पाहता हा आग्रह समजण्याजोगा आहे, आणि राज्यातील प्रत्येक लहान विमानतळावर कस्टम्सचे कर्मचारी नेमणे खर्चाचे आहे. अमेरिकेतही पहिल्या विमानतळावर सामान उचलावेच लागते. परंतु अमेरिकेला स्वतःची देशांतर्गत बाजारपेठ पुरून उरते. बाहेरच्या प्रवाशाने डॅलसऐवजी दुसरीकडे विमान बदलले तर तिचे फार बिघडत नाही. मुंबईची स्पर्धा समुद्रापलीकडे अवघ्या तीन तासांच्या अंतरावर असलेल्या दुबईशी आहे, आणि तेथे विमान बदलणाऱ्याचे सामान त्याच्या नजरेसही न पडता पुढे जाते.

तिसरी दिशा परदेशातून परदेशात जाणाऱ्याची. खऱ्या अर्थाने हब, म्हणजे विमान बदलण्याचे मोठे केंद्र, म्हणवणाऱ्या विमानतळाची कसोटी येथे लागते, कारण या प्रवाशाला त्या शहराशी काहीच कर्तव्य नसते आणि तो केवळ सोयीसाठी आलेला असतो. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर मुंबईत त्याला इमिग्रेशन ओलांडावे लागत नाही, व्हिसाही लागत नाही. हातातील सामानाची पुन्हा तपासणी होते आणि तो पुढच्या दारापर्यंत पोहोचतो. ही सेवा वाईट नाही. तिचा वापर करण्याजोगी जोडउड्डाणेच थोडी आहेत, हा खरा प्रश्न आहे. पूर्व आफ्रिकेतून आग्नेय आशियात किंवा आखातातून काठमांडूला जाणारा प्रवासी मुंबईमार्गे सहज जाऊ शकला असता. पण तिकिटे वेगवेगळी असतील तर सामान घेण्यासाठी त्याला देशात प्रवेश करावा लागतो, त्यासाठी भारताचा व्हिसा लागतो, आणि चार तासांच्या थांब्यासाठी व्हिसा काढण्याचा उपद्व्याप कोणी करत नाही.

आतापर्यंतच्या अडचणी नियमांच्या आणि रचनेच्या आहेत. मन लावून काम केले तर त्या काही वर्षांत दूर होऊ शकतात. धावपट्टीची अडचण तशी नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि व्यवहारात हा एकाच धावपट्टीचा विमानतळ ठरतो. त्या एका धावपट्टीवर अत्यंत कौशल्याने काम चालते: ११ नोव्हेंबर २०२३ रोजी एका दिवसात १,०३२ उड्डाणे हाताळली गेली, आणि येथील हवाई नियंत्रकांना त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. मात्र २०२४ च्या आरंभी, आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानांची संख्या पाहून, गर्दीच्या तासातील कमाल उड्डाणे ४६ वरून ४४ वर आणण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला. याखेरीज पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एखादा दिवस काही तास बंद ठेवाव्या लागतात, आणि त्या वेळी उड्डाणे वळवायला तिसरी धावपट्टी उपलब्धच नसते.

हबच्या दृष्टीने याचा परिणाम एकूण क्षमतेपेक्षाही वेळापत्रकावर अधिक होतो. विमान बदलण्याची व्यवस्था लाटांवर चालते. दीड-दोन तासांत वीस-तीस दिशांनी विमाने येतात, प्रवासी आपसांत बदलतात, आणि पुढच्या दीड-दोन तासांत तीच विमाने वेगवेगळ्या दिशांना निघतात. अशा लाटा दिवसातून तीन-चार वेळा उठल्या की प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला दोन तासांच्या थांब्यात जाता येते. यासाठी गर्दीच्या तासात भरपूर स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, लागतात आणि मधल्या तासांत ते रिकामे पडू देण्याची चैन परवडावी लागते. मुंबईत तसे होऊ शकत नाही. येथे दिवसाचा जवळजवळ प्रत्येक तास सारखाच भरलेला असतो, जो स्लॉट मिळेल तो कंपन्या पदरात पाडून घेतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या वेळापत्रकात दोन उड्डाणांची गाठ पडलीच तर ती योगायोगाने पडते. प्रवाशाला आठ-आठ तासांचे थांबे का दिसतात, याचे उत्तर बव्हंशी येथे आहे.

त्यात आणखी एक विसंगती आहे. मुंबईहून युरोप आणि आखाताकडे जाणारी बरीच उड्डाणे मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत निघतात, तर राज्यातील अनेक लहान विमानतळ दिवसाउजेडीच चालतात. अमरावतीला एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा मिळाली खरी, पण रात्रीच्या लंडनच्या विमानाला जोड म्हणून ती किती उपयोगी पडेल याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या वेळापत्रकावरून करावा. शिवाय मुंबईतला स्लॉट इतका मौल्यवान आहे की तो सत्तर आसनांच्या एटीआर विमानाला देण्यापेक्षा एकशे ऐंशी किंवा त्याहून अधिक आसनांच्या विमानाला देणे कोणत्याही कंपनीला किफायतशीर वाटते. हबला चाकासारख्या अनेक आऱ्या लागतात. मुंबईचे अर्थशास्त्र लहान आऱ्याच आधी मोडते. सिंधुदुर्ग, नांदेड, जळगाव यांना मुंबईशी जोडणाऱ्या सेवा सुरू होतात, बंद पडतात आणि पुन्हा जाहीर होतात, यामागे केवळ कोणाची अनास्था नाही.

इंधनावरील कराचा मुद्दा याच आऱ्यांशी निगडित आहे. भारतीय विमान कंपन्यांच्या चालवण्याच्या खर्चात इंधनाचा वाटा सुमारे चाळीस टक्के असतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विमानाचे इंधन त्याबाहेर ठेवले गेले, त्यामुळे राज्ये त्यावर आपापला व्हॅट आकारतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा दर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. तथापि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी भरलेल्या इंधनावर हा कर लागत नाही आणि देशांतर्गत उड्डाणावर लागतो, म्हणजे हबला प्रवासी आणून देणारा छोटा टप्पाच महाग होतो. नागपूर-मुंबई-लंडन या प्रवासातील पहिला टप्पा व्हॅट भरतो. नागपूर-दोहा-लंडन या प्रवासातील एकही टप्पा भरत नाही.

धावपट्टी आणि कर दोन्ही अनुकूल असते तरी एक प्रश्न उरला असता: हब कोणाचे? विमानतळ स्वतःहून हब होत नाही. एखादी विमान कंपनी त्याला घर मानून तेथून पन्नास-शंभर दिशांना विमाने पाठवते तेव्हा तो हब होतो. मुंबईला असे घर मानणारी कंपनी एकदा होती. जून १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ येथूनच कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले, आणि पुढे कित्येक दशके नरिमन पॉइंटवरची इमारत ही त्या कंपनीची आणि काही प्रमाणात या शहराचीही ओळख होती. जुलै २०१० मध्ये दिल्लीला टर्मिनल ३ मिळाल्यावर कंपनीचा भर तिकडे गेला आणि २०१३ मध्ये मुख्यालयही गेले. त्यानंतरची आशा जेट एअरवेज. मुंबईत जन्मलेल्या या कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांसाठी विमान बदलण्याचे केंद्र उभारले ते ब्रसेल्समध्ये. २०१६ मध्ये ते ॲमस्टरडॅमला हलवले. आणि दरम्यान २०१३ मध्ये एतिहादने तिचे २४ टक्के भाग घेतल्यानंतर तिचे बरेच प्रवासी अबू धाबीमार्गे जाऊ लागले. १७ एप्रिल २०१९ रोजी ती कंपनी थांबली. मुंबईकरांनी मुंबईच्या कंपनीच्या विमानात बसून इतरांच्या शहरांत विमान बदलावे, ही त्या काळातील व्यवस्था आज मागे वळून पाहताना जरा विचित्रच वाटते.

दुबईची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झालेल्या एमिरेट्सच्या अगदी पहिल्या मुक्कामांत कराचीसोबत मुंबई होती, म्हणजे त्या हबच्या पायाभरणीत आपल्या प्रवाशांचा वाटा पहिल्यापासूनच आहे. आजच्या द्विपक्षीय करारानुसार भारत-दुबई मार्गावर प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मुभा आहे, आणि दुबईने ती वाढवून मागूनही भारत सरकारने दीर्घकाळ हात आखडता घेतला आहे. परदेशी हबकडे जाणारा ओघ अडवला की देशी हब आपोआप फुलेल, हे गृहीतक मला तितकेसे पटत नाही. आसने अडवल्याने तिकीट महागते. लांब पल्ल्याचे विमान काही आपल्याकडे जन्माला येत नाही. ते आता कोठे येऊ लागले आहे: जुलै २०२५ मध्ये इंडिगोने भाड्याच्या ड्रीमलायनर विमानांनी मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची थेट सेवा सुरू केली, आणि एअरबस ए३५० विमानांची मोठी मागणीही तिने नोंदवलेली आहे. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद आहे, त्याची झळ दिल्लीच्या मानाने मुंबईला कमी बसते, हीसुद्धा एक अनपेक्षित अनुकूलता आहे.

गरीब देशाला हे जमतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी अदिस अबाबा पाहावे. इथिओपिया दरडोई उत्पन्नात भारताच्या मागे आहे, त्याला समुद्रकिनारा नाही, आणि बोले विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर असल्याने विरळ हवेत पूर्ण भाराने उड्डाण करता येत नाही. म्हणून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना डब्लिन किंवा लोमे येथे थांबावे लागत आले आहे. तरीही आफ्रिकेतील सर्वांत मोठी विमान कंपनी तेथे आहे, आणि मुंबईहून आफ्रिकेच्या अंतर्भागात जाणारा व्यापारी कित्येकदा तेथेच विमान बदलतो. तेथील टर्मिनल साधे आहे, गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळत नाही, सूचनाफलकही सुधारता येतील. परंतु कंपनी सरकारी असूनही व्यावसायिक पद्धतीने चालते, २०१७ मध्ये विमानतळांचा कारभारही तिच्याच समूहाखाली आणला गेला, आणि त्यामुळे विमानाचे वेळापत्रक आणि विमानतळाची सोय यांचा विचार एकाच ठिकाणी होतो. मुंबईत धावपट्टीची देखरेख, हवाई नियंत्रण, सुरक्षा, इमिग्रेशन, कस्टम्स आणि विमान कंपनी यांची मालकी वा नियंत्रण वेगवेगळ्या हातांत आहे. प्रत्येक जण आपले काम नेकीने करतो आणि तरीही विमान बदलणारा प्रवासी कोणाचाच नसतो.

नागपूरच्या ‘मिहान’ या विमानतळ आणि उद्योग प्रकल्पाचा उल्लेख येथे टाळता येत नाही. देशाच्या मध्यभागी आहे म्हणून तेथे आंतरराष्ट्रीय हब होईल, ही कल्पना पंचवीस वर्षे ऐकू येत आहे. बोइंगच्या साहाय्याने विमान दुरुस्तीचे केंद्र २०१५ मध्ये झाले, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. प्रवाशांचे हब झाले नाही, कारण मध्यबिंदू हा भूगोलाचा असतो, वेळापत्रकाचा नसतो.

नवी मुंबईमुळे हे चित्र पालटेल का? लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचे राज्याने ठरवलेला हा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाला. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी आणि दोन कोटी प्रवाशांची क्षमता, पुढे दोन समांतर धावपट्ट्या आणि नऊ कोटी प्रवासी, अशी योजना आहे. समांतर धावपट्ट्या म्हणजे लाटांचे वेळापत्रक शक्य होणे, आणि म्हणून या प्रदेशात हब व्हायचेच असेल तर ते उलव्यातच, म्हणजे या नव्या विमानतळावरच, होईल असे माझे मत आहे. धोका मधल्या काळाचा आहे. देशांतर्गत विमाने एका विमानतळावर आणि परदेशी विमाने खाडीपलीकडच्या दुसऱ्यावर अशी विभागणी झाली, तर विमान बदलणाऱ्याला मुंबईची वाहतूक मधोमध ओलांडावी लागेल. माँट्रियलने १९७५ मध्ये मिराबेल येथे प्रचंड विमानतळ बांधून आंतरराष्ट्रीय उड्डाणे तेथे नेली आणि देशांतर्गत उड्डाणे जुन्या डोरव्हाल विमानतळावरच ठेवली. जोडप्रवासी टोरंटोकडे वळले आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद झाली. अटल सेतूमुळे दक्षिण मुंबईला नवा विमानतळ जवळ आला आहे, दोन विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रो ८ ची आखणीही आहे. पण ती मेट्रो धावू लागेपर्यंत प्रत्येक कंपनीने आपली देशी आणि परदेशी उड्डाणे एकाच विमानतळावर ठेवणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तेव्हा निवड करताना पुढील तारतम्य ठेवावे. देशातून परदेशात जाताना एकच तिकीट, दोन्ही बाजूंना टर्मिनल २ आणि किमान चार तासांचा अवधी मिळत असेल, तर मुंबईमार्गे अवश्य जावे. सोबत वयस्कर माणसे असतील तर व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करावी. परतीच्या प्रवासात पाच तासांपेक्षा कमी अवधी धरू नये, आणि सांताक्रूझहून किंवा उलव्याहून सुटणाऱ्या विमानाचे स्वतंत्र तिकीट जोडीला घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त दिसो. परदेशातून परदेशात जाणाऱ्याने दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात बसत असतील तरच मुंबईचा विचार करावा. नागपूर किंवा मोपाहून थेट दोह्याचे विमान ज्यांना सोयीच्या वेळी मिळते आणि भाड्यात फारसा फरक नाही, त्यांना मुंबईचा आग्रह धरायला सांगावे असे आज तरी माझ्याकडे काही नाही.